खदान वस्तीचं शून्य

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी वही. गीता म्हणाली, आधीच्या तीन वह्या पाच-पाच पानं लिहून पडल्यात, चौथी कशाला? तिला सांगितलं, आता लिहिण्यासारखं घडणार आहे. पंचवीस वर्षं शाळेत क्लार्क म्हणून काढल्यावर कोणी 'पाहणीप्रमुख' म्हटलं की छाती फुगते, हे इथं कबूल करून टाकतो. बायकोसमोर करणार नाही.

काम असं. औरंगपुऱ्यात एका संस्थेचं ऑफिस आहे. त्यांना शहराच्या कडेच्या अकरा वस्त्यांचं आरोग्य मोजायचंय. कोण आजारी, कोण किती शिकलेलं, पाणी कुठलं, संडास आहे का, गेल्या तीन वर्षांत घरात कोणी गेलं का. त्यावरून प्रत्येक वस्तीला गुण. जिचे हाल जास्त तिला संस्थेचा टँकर आणि फिरता दवाखाना आधी. मला आमचीच खदान वस्ती दिलीय, दोनशे चौदा घरं.

मोठा नियम एकच. सहा महिने सलग राहतो तो आणि त्याची लेकरं घरची, बाकी पाहुणे. पाहुण्यांचं लिहायचं नाही, नाहीतर एकच माणूस दोन ठिकाणी मोजला जातो. जनगणनेच्या ड्युटीपासून हा नियम माझ्या हाडीमांसी खिळलाय. चुकून कोणी लिहिलं गेलं तर मी गिरगटून खोडत नाही. पट्टी ठेवून लाल पेनानं एक आडवी रेघ. खालचं नाव वाचता आलं पाहिजे.

लेकीला, मेघाला, आठवा महिना लागला. पहिलंच बाळंतपण. इथं की सासरी पैठणला, ते अजून ठरत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज बारा घरं. शेजारच्या वच्छलाबाईंकडं सगळ्यात जास्त वेळ गेला. सत्तरीच्या आहेत, मी मावशी म्हणतो. घरात कोणी गेलं का विचारलं तर म्हणाल्या, आशाचं लेकरू. आशा त्यांची लेक, फर्दापूरला दिलेली. दीड वर्षापूर्वी बाळंतपणाला आली होती. लेकरू सोळा दिवसांचं होतं.

"ताप नाय, खोकला नाय," मावशी म्हणाल्या. "निळं निळं पडत गेलं अन् गेलं."

मी लिहून घेतलं आणि मग लक्षात आलं की आशा पाहुणी. लेकरूही पाहुणंच. ते फर्दापूरच्या घरात मोजलं जाईल. मावशींना समजावलं, पट्टी काढली, रेघ मारली. त्या कागदाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "जिथं गेलं तिथलं नाय का मंग ते?" नियम सगळ्यांना सारखा असतो, असं मी सांगितलं. चहा मात्र त्यांनी आग्रहानं पाजला.

दुपारनंतर वासानं डोकं उठलं. शहरातल्या संडासाच्या टाक्या उपसणाऱ्या गाड्या सकाळपासून जुन्या खदानीत रिकाम्या होतात. आपली बोअर काठापासून वीस पावलांवर आहे, पण पाणी काचेसारखं. फॉर्ममध्ये वासाला रकाना नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अशा आणखी काही रेघा मारल्या. लोकांना बोलायची हौस फार. लेकीचं, नणंदेचं, कुणाकुणाचं सांगत बसतात, आणि मी ऐकून, लिहून, परत रेघ मारायची. म्हणून आजपासून दारातच सांगतो, पाहुण्यांचं काही सांगू नका. काम दुपटीनं उरकायला लागलं. अनुभव म्हणतात तो हाच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पैठणहून मेघाच्या सासूबाईंचा, लक्ष्मीबाईंचा, फोन. त्यांचं म्हणणं, सून इथंच राहू द्या. धरणाचं पाणी आहे, दवाखाना जवळ आहे. तुमच्याकडं नळ आठव्या दिवशी येतो म्हणे. त्यात खोटं काही नाही, पण ज्या सुरात म्हणाल्या तो सूर मला लागला. वस्तीतला माणूस म्हणजे घाणीतला माणूस, हे लोक तोंडानं म्हणत नाहीत एवढंच.

 पहिलं बाळंतपण माहेरी होत नाही म्हणजे लेकीला आई नाही, असं गीताला वाटतं. मी म्हटलं, थोडं थांब.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

संपलं. दोनशे चौदा घरं. आकडे ऑफिसात श्रेयाकडं दिले. ती संगणकावर भरते, चोवीस-पंचवीसची असेल, मला काका म्हणते. तीन वर्षांत एक वर्षाच्या आतलं मूल दगावल्याची नोंद: शून्य. अकरा वस्त्यांत दुसरं शून्य नाही. मी दोनदा पडद्याकडं बघितलं. आमची वस्ती, जिचं नाव ऐकून रिक्षावाले तोंड वाकडं करतात.

श्रेयाला मात्र आनंद झालेला दिसला नाही. म्हणाली, "काका, तुमच्या कागदांत तीन महिन्यांच्या आतलं एकही बाळ नाही. जिवंतसुद्धा नाही. सगळी चौथ्या महिन्यापासून सुरू होतात."

मी हसलो. पोरगी शहरातली, शिकलेली, पण रीत माहीत नाही. म्हटलं, अगं, सुना बाळंतपणाला माहेरी जातात, लेकरू मान धरायला लागलं की येतात. म्हणून इथं तान्ही बाळं नाहीत. ती म्हणाली, मग इथल्या लेकी? म्हटलं, त्या येतात की. दोन-तीन महिने राहून जातात. त्या पाहुण्या. ती अजून काही बोलणार होती, पण साहेबांनी मला आत बोलावलं. पाठ थोपटली.

८ मार्च, शनिवार

महिला दिनाचा कार्यक्रम विहारासमोर झाला. संस्थेनं पाटी लावली. पिवळ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत 'खदान वस्ती: तीन वर्षांत बालमृत्यू ०'. शून्य ताटलीएवढं मोठं. मला शाल मिळाली. गीता पुढच्या रांगेत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते शालीमुळं नाही, हे मला माहीत होतं.

वच्छलाबाई आल्या नाहीत. गुडघे दुखत असतील.

पाटीचा फोटो जावयांना, सुयशरावांना, पाठवला. लक्ष्मीबाईंनाही दाखवा म्हटलं. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. एवढं लिहून लावलंय म्हणजे खरंच असणार, घेऊन जा, म्हणाल्या. माझ्या आयुष्यात मी लिहिलेल्या आकड्यानं पहिल्यांदा घरात काही आणलं.

१६ मार्च, रविवार

मेघा एसटीनं आली. सोबत सुयशराव, ते दुपारी परत गेले. पोरगी गोल झालीय, पाय थोडे सुजलेत. आल्या आल्या पाटीजवळ उभी राहिली, फोटो काढला. घरात माझे फॉर्म बघून म्हणाली, "बाबा, आपल्या घराचा फॉर्म दाखवा ना." दाखवला. दोन माणसं, मी आणि तिची आई.

"मी कुठंय?"

म्हटलं, तू आता पाहुणी. ती तोंड फुगवून बसली. गीता म्हणाली, काय मेला नियम आहे. तिघंही हसलो.

२४ मार्च, सोमवार

हिवाळ्यापासून येणारा संस्थेचा टँकर बंद झाला. गुणांच्या यादीत आपण सगळ्यात खाली, म्हणजे चांगल्यांत पहिले, म्हणून आपला टँकर पलीकडच्या वस्तीला गेला. लोक माझ्याच दारात आले. मी त्यांना समजावलं की जिथं मुलं मरतात तिथं आधी पाणी गेलं पाहिजे, हेच न्यायाचं आहे. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांतल्या केसरबाई म्हणाल्या, तुमच्या शून्यानं आमच्या डोक्यावर हंडा दिला. मी मनावर घेतलं नाही.

आता सगळी वस्ती बोअरवर. नळाचं पाणी दोन-तीन दिवस पुरतं, मग तेच. मेघासाठी गीता वेगळं पाणी उकळते. मीच सांगितलंय, नुसती उकळी नको, चांगलं अर्धा तास खळखळू दे. पातेलं निम्मं होतं.

१ एप्रिल, मंगळवार

नात झाली. दवाखान्यात, सकाळी सव्वासातला. सिझर करावं लागलं, पण दोघी ठीक. पावणेतीन किलो. बोटं इतकी लांब की गीता म्हणाली, ही पेटी वाजवणार.  नर्सबाईंना तीन वेळा धन्यवाद म्हणालो.

७ एप्रिल, सोमवार

मेघाला अंगावरचं दूध पुरेसं येत नाही. ताप येऊन गेला, टाके दुखतात, बाळ धरलं की रडते. दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या होत्या, पाजत राहा, येईल. पण लेकरू भुकेनं आकांत करायला लागल्यावर गीताचा धीर सुटला. कालपासून वरचं दूध. गाईचं, निम्मं पाणी घालून. पाणी अर्थात उकळलेलं, अर्धा तास. मी घड्याळ लावून बसतो.

वच्छलाबाई बघायला आल्या होत्या. दारातूनच बघितलं, आत आल्या नाहीत. वाटी-चमच्याकडं बघून विचारलं, "पानी कुठलं घालता?" मी म्हटलं, उकळलेलं. त्या म्हणाल्या, "आमीबी उकळायचो." मग गेल्या.

१३ एप्रिल, रविवार

उद्या जयंती. विहारापासून आमच्या दारापर्यंत निळ्या कापडाचा मांडव घातलाय. घरात सगळीकडं निळा उजेड. बाळाच्या तोंडावरसुद्धा. गीता म्हणाली, ओठ निळे दिसतात का हो? मी म्हटलं, अगं, मांडवाचा रंग आहे, तुझा हात बघ, तोही निळाच. तिनं हात बघितला. हसली.

बाळ आज कमी रडतंय. शहाणं झालंय.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी नऊपासून ढोल. मेघा बाळाला घेऊन मागच्या खोलीत बसली होती, तिथं मांडव नाही. तिथून हाक मारली. हाक ऐकू आली नाही, तीच येऊन मला आत घेऊन गेली. बाळ मागच्या खोलीतही निळंच होतं. ओठ, नखं, कानाच्या पाळ्या.

मला अजून वाटत होतं, आवाजानं घाबरलं असेल. बाळाला घेऊन दारात आलो तर वच्छलाबाईंनी गर्दीतून बघितलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "आशाचंबी असंच झालतं. आमी दोन दिस अंगारा लावत बसलो. तू बसू नगंस. जा."

मिरवणुकीच्या पोरांनी रस्ता करून दिला. दवाखान्यात आहोत. पुढं लिहवत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

काचेतून दिसते. नळ्या लावल्यात.

१७ एप्रिल, गुरुवार

वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही आणखी एक दिवस थांबला असता तर मी काही करू शकले नसते.

त्यांनी रक्त काढलं तेव्हा ते लाल नव्हतं, काथाच्या पाण्यासारखं होतं. बघितल्याबरोबर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बाळाच्या दुधात पाणी कुठलं? मी अभिमानानं सांगितलं, बोअरचं, पण अर्धा तास उकळलेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

जमिनीत मैला मुरला की त्याचा एक क्षार पाण्यात उतरतो. रंग नाही, वास नाही. मोठ्या माणसाला सहसा कळतही नाही. तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्त मात्र त्यानं प्राणवायू धरेनासं होतं आणि अंग निळं पडतं. उकळून जंतू मरतात, क्षार मरत नाही. पाणी आटतं तसा तो दाट होत जातो. जितकी काळजी जास्त, तितकं विष जास्त. हे शेवटचं वाक्य माझं आहे, त्यांनी असं म्हटलं नाही. त्या चांगल्या बाई आहेत.

गीताला अजून सांगितलेलं नाही. घड्याळ मीच लावत होतो.

१९ एप्रिल, शनिवार

आज सगळे फॉर्म जमिनीवर पसरले आणि लाल रेघा शोधल्या. पट्टी ठेवून मारलेल्या, खालचं स्पष्ट वाचता येतं. सात. आशाचं, सोळा दिवस. बावीस दिवसांचं एक. नऊ दिवसांचं एक. दोन ठिकाणी मी माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'अंग निळे पडले, कारण माहीत नाही', आणि त्यावरून पट्टी फिरवलीय.

श्रेया मला काय विचारत होती ते आज कळलं. सुना जातात, लेकी येतात. म्हणजे या वस्तीत तीन महिन्यांच्या आतलं जे बाळ असतं ते पाहुणीचंच असतं. हे पाणी ज्यांना मारू शकतं तेवढीच माझ्या नियमानं वगळली. शून्य यायलाच हवं होतं. दुसरं काही येणं शक्यच नव्हतं.

फर्दापूरला आशाच्या सासऱ्यांना, रामकिसनरावांना, फोन केला. तुमच्याकडं हे लेकरू कोणी नोंदवलं का? ते म्हणाले, "आमच्याकडं आलंच नव्हतं ते. माहेरी झालं, माहेरी गेलं. आमी कशाला लिवून देऊ?" आणखी तीन गावांना फोन केला. सगळीकडं हेच उत्तर. सात लेकरं कुठंच नाहीत. इथं पाहुणी, तिथं पोहोचलीच नाहीत.

२१ एप्रिल, सोमवार

ऑफिसात गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. अहवाल पुढं गेलाय, म्हणाले, आणि नियम अकरा वस्त्यांना सारखा आहे, एकट्या तुमच्यासाठी वाकवला तर सगळीच मोजणी डळमळेल. पुढच्या वर्षी बघू. हे माझंच बोलणं होतं, फक्त दुसऱ्या तोंडातून. मला राग धरायलाही जागा नव्हती.

श्रेया जिन्यापर्यंत आली. बोअरचं पाणी तपासायला तिनं स्वतः बाटली भरून पाठवलीय. म्हणाली, "काका, त्या दिवशी मी जोर लावून बोलायला हवं होतं." मी म्हटलं, तू बोललीस. ऐकलं नाही ते मी.

दुपारी मेघाला आणि बाळाला सोडलं. सुयशराव गाडी घेऊन आले होते, दवाखान्यातूनच पैठण. सोबत आलेल्या लक्ष्मीबाई एक शब्दही वावगा बोलल्या नाहीत, त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं होतं. गाडीत बसताना मेघानं विचारलं, "ही गेली असती तर हिला कुठं लिहिलं असतं, बाबा?"

तिला टोचून बोलायचं नव्हतं. खरंच विचारत होती. मी गाडीचं दार लावलं आणि मला रडू आलं. गीतानं बघितलं. तिला सगळं सांगितलं, घड्याळासकट. ती रिक्षात पूर्ण रस्ताभर माझ्याकडं न बघता बसली, पण उतरताना हात धरला.

२४ एप्रिल, गुरुवार

कालपासून दारोदार सांगत फिरतोय, तान्ह्या लेकरांना बोअरचं पाणी देऊ नका. लोक मान हलवतात. टँकर घालवणारा मीच, आता बोअरही घालवायला निघालो, असं त्यांना वाटत असणार.

सकाळी दहाला केसरबाईंची लेक रूपा रिक्षातून उतरली. आठवा संपत आलेला, हातात कपड्यांची पिशवी. मी पुढं होऊन म्हटलं, तिला परत पाठवा, इथं बाळंतपण नको. केसरबाईंनी मला खालून वर बघितलं. "तिची सासू पाठवतच नव्हती," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाटीचा फोटू दाखवला तवा पाठवली. तुमीच लिवलंय ना, दादा, इथं एकबी लेकरू गेलं नाय म्हनून?"

 लक्ष्मीबाईंना तोच फोटो मी पाठवला होता.

जयंतीचा उरलेला निळा रंग विहारात होता. शिडी मागून आणली. पिवळ्या रंगानं शून्य पुसलं आणि त्या जागी ७ काढला. उन्हात माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, राजकुमारदादाचं डोकं फिरलं. मी शिडीवरूनच नावं वाचली. लेकरांची नावं ठेवायच्या आधीच ती गेली होती, म्हणून आयांची वाचली. आशापासून सुरुवात केली. वच्छलाबाई खाली उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

सातवं नाव झालं आणि मी उतरायला लागलो, तेव्हा मागून कोपऱ्यातल्या घरची एक बाई म्हणाली, "माझ्या नणंदंचं राहिलं की."

म्हटलं, तुमचा फॉर्म मीच भरला, तेव्हा सांगितलं नाही.

"दारातच म्हनला व्हता तुमी, पाहुण्यांचं सांगू नगा."

मी परत वर चढलो. आठ केला. रंग वाळायच्या आत दुसरी बाई पुढं आली, तिच्या धाकट्या लेकीचं. मग एक म्हातारे गृहस्थ, त्यांना आकडा सांगता येईना, नुसती बोटं दाखवली, दोन. एकाच लेकीची दोन. कोणी आरडाओरडा केला नाही. एकेक जण येऊन सांगत होतं आणि बाजूला होत होतं, माझ्यासमोर फॉर्म असताना जसं सांगायला हवं होतं तसं.

रूपा पिशवी हातात घेऊनच ऐकत उभी होती. केसरबाईंनी ती पिशवी तिच्या हातातून घेतली, रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं आणि स्वतःही तिच्यासोबत बसल्या. 

दुपारी घरी आलो आणि आपल्या घराचा फॉर्म काढला. दोन माणसांच्या खाली मेघाचं नाव लिहिलं, त्याखाली नातीचं. पट्टी काढली नाही.

पाटीवर आता अकरा आहे. इतक्यांदा पुसून लिहिल्यानं आकडा नीट वाचता येत नाही, रंग ओघळलाय. गीता म्हणते, मागची गल्ली अजून विचारायची राहिलीय, आणि उद्या ती माझ्यासोबत येणार आहे.